राईतले पाव्हणे

सोम., ता. ३ नोव्हेंबर ६९

सकाळी औंढ्याच्या वरच्या वाडीवर. माझ्याआधी कोळशाचा मुकादम येऊन गेलेला. देवाची राई तोडायला मागतो. वाडीत चिंधूआबांचा शब्द शेवटचा. ते म्हणाले, "झाडं देवाची हायेत भाऊ, पर पोरं आमची हायेत. ती काय खात्याल?"

म्हटलं, माझ्या लोणावळ्याच्या लॉजिंगवरची माणसं राईत आणतो, शेकरू बघतील. तुम्ही वाट दाखवा, वाडीतली ठकूमावशी जेवू घालील. तुम्हालाही दोन पैसे, राईही राहील.

"खार बघाया मुंबईस्नं येणार? त्यांच्याकडं झाडं न्हाईत?"

नाहीत म्हटलं. आबांनी एकदा राईकडं पाहिलं. मग म्हणाले, "गरीब हायेत बिचारी."

एक डाव बघू म्हणाले. या शनिवारी. नाही जमलं तर मुकादमाला होकार.

बुध., ता. ५

दादरचे बँकवाले व मिसेस आले, सात नंबरात. नेहमीचं गिऱ्हाईक. चहा घेऊन गेलो तर दाराआडून मिसेस, "तेच धरण, तीच चिक्की. पुढच्या वर्षी माथेरान." स्टेशनवर हमाली करायचो तेव्हापासून ठाऊक, गिऱ्हाईक खरं बोलतं ते दार लावल्यावर. जरा खाकरून आत गेलो आणि शेकरूचं काढलं. मिसेस लगेच तयार. साहेबांनी चढ किती ते विचारलं. थोडाच आहे म्हणालो. (थोडा नाही.)

वाडीच्या दूधवाल्याबरोबर निरोप: शनिवारी सकाळी राईत पाव्हणे येणार, तयारी ठेवा.

शनि., ता. ८

वाडी सामसूम. दारं बंद, शेरडं आत, चुलीचा धूर नाही. मिसेस म्हणाल्या, "इथे राहतं ना कोणी?" मी हाक मारली.

दाराआडून ठकूमावशी, "भाऊ, आत या बिगीनं. पाव्हणा यायचाय."

"आले की. हे काय, माझ्या मागं उभे आहेत."

मग हळूच, "मागं? भाऊ, हलू नगा."

साहेबांनी टोपी काढून दाराला नमस्कार केला.

उलगडा झाला तेव्हा हसावं की पळावं कळेना. राईच्या अंगाला बिबट्याचं नाव घेत नाहीत, पाव्हणा म्हणतात. मुंबईच्या माणसांना नुसतं लोक म्हणतात. दूधवाल्यानं निरोप अगदी जसाच्या तसा दिलेला. आबांना कोडं एवढंच, की लोणावळ्यात बसून भाऊला पाव्हण्याचा यायचा वार कसा कळला.

पुढचं झकास. चपला बाहेर काढून राईत. शेकरू दिसलं. तांबडं, शेपूट हे एवढं, या झाडावरून त्या झाडावर. मिसेस दगडावर बसून राहिल्या. लॉजिंगवर त्यांना इतका वेळ गप्प कधी ऐकलं नाही. ओढ्याच्या चिखलात खऱ्या पाव्हण्याची पावलं उमटलेली. साहेब त्यानंतर दोघांच्या मधूनच चालले.

जेवण भाकरी, पिठलं, ठेचा. निघताना मिसेसनी पैसे पुढं केले तर ठकूमावशी घेईना. "घरी आलेल्या माणसाकडनं भाकरीचं पैसं? थू." मला वाटलं, बुडालो. मग तिनंच तोड काढली: भाकरीचे नाही, भांडी घासायचे घेते. मिसेसनी भांड्यांचे भरपूर दिले.

सोम., ता. १०

आबांनी मुकादमाला नाही म्हटलं नाही. थांब म्हटलं. मला अट: ठकूच्या तव्याला झेपतील तेवढीच माणसं, आणि राईत आवाज नाही. "गोंगाट झाला का शेकरू जाणार. ते गेलं का तुमचं लोक जाणार. मंग मुकादमच बरा की."

मुकादम बाजारात भेटला. "काय शेट, खारीचा धंदा काढला म्हणं?" चहा पाजला त्याला. पाजावा लागतो.

गुरु., ता. १३

पुण्याच्या एका क्लबाचे सेक्रेटरी आले. बँकवाल्यांकडून कळलं म्हणे. येत्या रविवारी अख्खी बस, आचारी, लाऊडस्पीकर. राईत वनभोजन. जमलं तर नाताळात माझ्या सगळ्या खोल्या त्यांच्या. सगळ्या! नाताळात निम्म्या तरी रिकाम्या असतात.

थोडे थोडे या म्हटलं. "अहो, मग ट्रिप कसली?" लाऊडस्पीकर घरी ठेवा म्हटलं तर खो खो हसले. विनोद वाटला त्यांना.

तेवढ्यात दूधवाला. मुकादम पुन्हा वाडीवर, पेढे घेऊन. पेढे आबांनी ठेवून घेतलेत, उत्तर दिलेलं नाही. निरोप धाडलाय, पुढच्या खेपेला कोण आणि किती येणार ते भाऊनं आजच कळवावं. दूधवाला मागच्या दारी उभा, सेक्रेटरी पुढच्या. त्यांनाही संध्याकाळच्या गाडीआधी शब्द हवा.

सेक्रेटरींना तिसरा चहा पाठवला. सौ. आत येऊन म्हणाली, "साखर संपली. आता काहीतरी बोला त्यांच्याशी."

उठतो. आधी मागच्या दारी, निरोप द्यायला: लोक येतील, ठकूच्या तव्याला झेपतील तेवढेच; मग पुढच्या दारी, बस नको म्हणायला.