बॅटरी बारा पॉइंट सहा

३ एप्रिल, सकाळी ७
आजपासून रोजनिशी. तलावाच्या कमिटीची तपासणी-वही वेगळी. तिच्यात दोनच रकाने, 'चालू' आणि 'बंद'. माणसाचं मन मोकळं करायला तिथे जागा नाही.

तलाव पंधरा तारखेला पोहणाऱ्यांसाठी उघडणार. बुडणाऱ्याला काढायची वॉटर स्कूटर माझ्या ताब्यात. तिचं वय वर्षं एकोणीस, हिवाळाभर शेडमध्ये झाकून होती. यंदाचे संकल्प: स्कूटर मी स्वतः तयार करणार. मेकॅनिकला बोलावणार नाही. वजन कमी करणार.

मेकॅनिक गेल्या वर्षी चार लोकांत म्हणाला होता की साहेब, हे पंखे-मिक्सरचं काम नाही. बावीस वर्षं पंखे-मिक्सरच दुरुस्त केलेत मी. करंट म्हणजे करंट. त्याला पंखा काय नि पाणी काय.

४ एप्रिल
वायरी सोडवल्या, इंजिन घासून पुसलं, चंदेरी पेंटचे दोन हात मारले. वाळल्यावर वायरी जागच्या जागी कसल्या. भाऊजी बघायला आले. भाऊजी म्हणजे ताईचे यजमान आणि तलावाचे लाइफगार्ड. वय सत्तावन्न, बाकी खडखडीत, उजवा खांदा कामातून गेलेला. म्हणाले, नवरीसारखी सजवलीस. उद्या ट्रायल.

५ एप्रिल
बटण दाबलं. काही नाही. फ्यूज बघितला, ठीक. बॅटरी काढली, चार्ज केली, बसवली. काही नाही. दुपारी बायको डबा घेऊन आली. तिने विचारलं, ही लाल दोरी तुमच्या खिशात का?

दोरीचं टोक स्कूटरला लावल्याशिवाय इंजिन सुरू होतच नाही. चालवणारा पाण्यात पडला की दोरी निघते आणि मशीन थांबतं. हे मला माहीत होतंच. दोरी मी सेफ्टीसाठी काढून ठेवली होती. काखेत कळसा वगैरे बायको जे म्हणाली ते इथे लागू नाही.

६ एप्रिल
दोरी लावून दाबलं. टक्. नुसतंच टक्, इंजिन ढिम्म. म्हणजे दोष दोरीचा नव्हताच, हे सिद्ध झालं. बायकोला सांगितलं. ती बरं म्हणाली.

८ एप्रिल
बॅटरीला व्होल्टमीटर लावला. बारा पॉइंट सहा. फर्स्ट क्लास.

भाऊजींनी परस्पर मेकॅनिकला फोन केला. त्याचा निरोप: बॅटरीवर मोजून उपयोग नाही, आरामखुर्चीत बसलेला प्रत्येक जण तब्येतीनं ठणठणीतच दिसतो. मीटर स्टार्टरवर लावा, बटण दाबून धरा आणि तेव्हा मोजा. शिवाय अर्थची, म्हणजे करंट बॅटरीकडे परत नेणारी, वायर इंजिनला जिथे कसली आहे ती जागा बघा.

बघितली. वायर घट्ट, जागा चकाचक. बटण दाबून मोजायचं तर दुसरा माणूस लागतो, म्हणजे भाऊजी, म्हणजे आकडा मेकॅनिकपर्यंत जाणार. बारा पॉइंट सहाला तोड नाही. विषय संपला.

९ एप्रिल
बटण आणि स्टार्टर यांच्यामधला रिले बदलला. आता टक् चांगलं खणखणीत येतं.

११ एप्रिल
रिलेच्या दोन टोकांना स्क्रू-ड्रायव्हर आडवा लावून करंट थेट पोचवला. ठिणगी. उजवी भुवई अर्धी गेली. पण इंजिन अर्धा फेरा फिरलं. प्रगती आहे. बायको म्हणाली, उरलेल्या अर्ध्या फेऱ्यासाठी दुसरी भुवई आहेच.

१३ एप्रिल
सुरू झाली! अकराव्यांदा बटण दाबल्यावर, पण झाली. भाऊजींनी तलावाला दोन चकरा मारल्या.

संध्याकाळी ताईकडे जेवायला. डॉक्टरांनी भाऊजींना पोहायची बंदी केली आहे. खांदा मध्येच अडकतो, अडकला की हात उचलता येत नाही. ताई म्हणत होती की नोकरी सोडा. शेवटचा एक सीझन करायचा असं ठरलं, तेही स्कूटर आहे म्हणून. ताईने मला तीनदा विचारलं की यांना पोहत जावं लागणार नाही ना. मी म्हटलं, "ताई, तू निर्धास्त राहा. स्कूटर माझी जबाबदारी." तिने ताटात आणखी वाढलं. वजनाचा संकल्प सोमवारपासून.

१५ एप्रिल
उद्घाटन. चार वेळा दाबल्यावर सुरू. वहीत: चालू.

२२ एप्रिल
नऊ वेळा. हवा दमट आहे. शेवटी सुरू झाली ना, मग 'चालू'च लिहिणार. 'नवव्यांदा चालू' असा रकाना कमिटीने दिलेला नाही.

भाऊजी म्हणाले, दोन दिवस पोहणं बंद ठेवू, मेकॅनिक येऊन बघून जाईल. भर सीझनमध्ये तलाव बंद ठेवायचा म्हणजे मला तोंड दाखवायला जागा नाही. त्यांना म्हटलं, माझ्यावर विश्वास नाही का? शिट्टी गळ्यात अडकवून कामाला लागले. स्वभावाने फार भिडस्त.

२९ एप्रिल
सकाळी सुरू झाली नाही. दुपारी झाली. दिवसाचा हिशेब धरला तर चालू. तरी सोमवारी मेकॅनिकला बोलावतोच. मन मोठं ठेवायला हवं.

१ मे
सोमवार. मेकॅनिकचा नंबर काढला, म्हटलं शेवटचं एकदा दाबून बघू. पहिल्या झटक्यात सुरू. फोन ठेवून दिला. लोक उगाच घाई करतात.

६ मे, दुपारी ४
एक पोहणारा हद्द दाखवणाऱ्या तरंगत्या पिंपांपलीकडे. पायात पेटका. ओरडत होता. बटण दाबलं. टक्. दाबत राहिलो. भाऊजींना थांबा म्हटलं, ऐकलं नाही. उडी घेतली. त्याला पिंपापर्यंत ओढत आणलं, दोर धरायला लावला, तेवढ्यात त्यांचा खांदा अडकला, हात दोरापर्यंत पोचेना. पोहणारा वाचला.

भाऊजी वाचले नाहीत.

७ मे
चौकशीसाठी लेखी जबाब दिला. मशीन जुनं. हवा दमट. लाइफगार्डला थांबण्याची स्पष्ट सूचना दिली होती. चौकशीला आलेल्या साहेबांनी तपासणी-वही मागितली. पंधरा एप्रिलपासून बावीस दिवस, बावीस वेळा 'चालू'. अक्षर चांगलं आहे माझं.

बायको ताईकडेच आहे. डबा नाही. भूकही नाही.

१० मे
साहेब मेकॅनिकला घेऊन आले. मला बटण दाबून धरायला सांगितलं. बॅटरीवर बारा पॉइंट सहा. स्टार्टरवर तीन.

मेकॅनिकने पान्याने एकच बोल्ट सोडवला, अर्थची वायर बाजूला केली. खाली माझा चंदेरी पेंट. दोन हात. पेंटवर वायर कसली की वायर इंजिनला लागतच नाही, कुठे चरा पडला असेल तेवढ्यातून करंट जाणार. कधी जाणार, कधी नाही. त्याने चाकूने रुपयाएवढी जागा खरवडली, वायर बसवली आणि मला म्हणाला, दाबा.

पहिल्या झटक्यात सुरू. बंद करून पुन्हा दाबायला लावलं. पुन्हा सुरू. असं सहा वेळा.

पेंटमधून करंट जात नाही. पंख्यात जात नाही, मिक्सरमध्ये जात नाही. बावीस वर्षं हे मला माहीत होतं. त्याने टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. तो पाना पुसून निघून गेला.

१२ मे, सकाळी
चार दिवस मी ताईकडे गेलो नव्हतो. आज गेलो. भाऊजींची शिट्टी खुंटीला लटकवलेली. ताईने पाणी दिलं. पेंटचं तिला साहेबांकडून कळलं होतं. मला वाटलं, आता घराबाहेर काढेल. तिने काढावं असंच वाटत होतं.

ती म्हणाली, पेंट चुकून लागला, तू काही मुद्दाम नाही केलंस. साहेबांनी तिला माझा जबाब वाचून दाखवला होता. मग माझा हात धरून म्हणाली, "यांचा स्वभावच तसा. कुणाचं ऐकायचे नाहीत. तू थांबा म्हणालास, तेवढं मला पुरे आहे रे."

मी मान हलवली आणि घरी आलो.

ही वही माझ्याशिवाय कुणी वाचत नाही, तरी सहा तारखेला मी हिच्यातही खोटं लिहिलं. थांबा मी म्हटलंच नव्हतं. भाऊजी काठावर खांदा चोळत उभे होते, माझ्याकडे बघत. त्यांनी विचारलं, "होईल का रे सुरू?"

मी म्हटलं, "तुम्ही व्हा पुढे, मी आलोच."

त्यांनी लगेच उडी घेतली. त्या माणसाला पिंपापाशी आणल्यावर त्यांनी दोनदा मागे वळून काठाकडे पाहिलं.