गुंजनचं लग्न आणि मामाची कंबर

मनीषनगर, नागपूर

तीर्थरूप शोभाताईस,

कवडूचा साष्टांग नमस्कार. (पत्रात हा शब्द सगळेच लिहितात आणि करत कोणीच नाही. मी मात्र खरोखरच सतरंजीवर पालथा पडून, कोपरांवर छाती उचलून हे लिहितो आहे, तेव्हा नमस्कार जसाच्या तसा पोचला असं समज.) तुझे गुडघे कसे आहेत? दिवाळीच्या अनारशांनंतर भाऊजींची शुगर जागेवर आली का? फोन करता आला असता, पण तुझा फोन कायम स्पीकरवर असतो, आणि माझ्या कमरेची कहाणी तुझ्या जाऊबाईंनी मेथी निवडत ऐकावी असं मला वाटत नाही. म्हणून पत्र. इकडे उत्तरा मजेत आहे. आमचे चिरंजीव सौरव जिममध्ये मणामणाची वजनं उचलतात आणि पाण्याचा कॅन वर आणायचा म्हटला की खांदा दुखतो म्हणतात. मी उत्तम आहे. तुझ्या गुंजनला कडेवर उचलून मांडवात मीच आणणार, हे आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचताना तुझा गैरसमज होणार नाही.

मागच्या आठवड्यात तू फोनवर सहज म्हणालीस, "उचलाचं काम सौरव करंल, तू बाजूले उभा राय, फोटोत आला म्हणजे झालं." तू सहजच म्हणालीस, पण मला ते लागलं. आपल्याकडे भाचीला मामा उचलतो. मामाचा मुलगा उचलत नाही, आणि फोटोत बाजूला उभा राहणाऱ्याला मामा म्हणत नाहीत. तुला आपल्या मामानं उचललं होतं ते आठव. दम्याचा माणूस, अंगात सदऱ्याखेरीज काही नाही, तरी खोलीच्या दारापासून बोहल्यापर्यंत त्यानं तुला खाली टेकू दिलं नाही. (नंतर तो पंगतीत अर्धा तास नुसता श्वास घेत बसला होता आणि त्याच्या वाटणीचे लाडू मी खाल्ले.) मला एकच भाची आहे. ही एक गोष्ट हातून राहिली तर ती पुन्हा करता यायची नाही, आणि त्या विचारानं मला कमरेपेक्षा जास्त त्रास होतो.

आता कंबर. ताई, मी सगळी नोकरी खापरखेड्याच्या पॉवर हाऊसमध्ये केबली ओढण्यात घालवली, आणि मला वाटायचं की तारांमधलं सगळं मला कळतं. पण सायटिका नावाची जी शीर आहे, तिच्यापुढे मी हात जोडले. कमरेतून निघते, कुल्ल्यातून शिरते, मांडीमागून, पोटरीमागून थेट पायाच्या बोटांपर्यंत जाते. करंगळीएवढी जाड असते म्हणे, अखंड, मध्ये कुठे जोड नाही. आमच्याकडे एवढ्या लांबीत एखादा तरी सांधा असायचाच. आणि गंमत अशी की फॉल्ट कमरेत आणि बोंब मारतो पायाचा अंगठा. मी सुरुवातीला अंगठ्यालाच तेल चोळत बसलो होतो. उत्तरा रोज विचारायची, अंगठ्याला काय झालं, आणि मी सांगायचो, नवीन चप्पल चावली. पुढे एकदा संत्री घ्यायला वाकलो तो तसाच राहिलो. भाजीवाली म्हणाली, काका, खालची संत्री पण तशीच आहेत, वरचीच घ्या. मी काय बघतो आहे ते तिला कसं सांगणार? मी माझ्याच पायातून वीज जाताना बघत होतो. दुखत होतं, डोळ्यांत पाणी होतं, आणि तरी मनात येत होतं, वा, काय लाइन टाकली आहे.

मग एमआरआय झाला. त्या नळकांड्यात लोक घाबरतात म्हणे. आतमध्ये असा काही खडखडाट सुरू झाला की मला आमची कोळसा दळायची मिल आठवली, आणि इतक्या दिवसांनी मला गाढ झोप लागली. माझ्या घोरण्यानं फोटो हलला म्हणून तो पुन्हा काढावा लागला. (ही गोष्ट भाऊजींना सांगू नकोस.) डॉक्टरांनी तो फोटो उजेडात धरून दाखवला. मणक्यामणक्यांत गाद्या असतात, त्यातली एक सरकून शिरेवर बसली आहे. एवढीशी गादी. मी आणि उत्तरा दोघंही बघत राहिलो. मी साठ वर्षं ज्याच्या आधारानं उभा आहे ते मी पहिल्यांदा पाहत होतो, आणि खरं सांगतो, आपोआप हात जोडले गेले. डॉक्टर म्हणाले, फोटोला नमस्कार करू नका, व्यायाम करा, चालत राहा, आणि वजन उचलू नका. मी विचारलं, वजन म्हणजे साधारण केवढं? ते म्हणाले, भरलेली बादलीसुद्धा नको. गुंजन भरलेल्या बादलीपेक्षा जड आहे का, हे मी विचारलं नाही, कारण उत्तरा शेजारी होती.

व्यायामासाठी हिमानी म्हणून एक फिजिओथेरपिस्ट पोरगी आहे. दिसायला अगरबत्तीएवढी. तिनं अंगठा लावला की माझ्यासारख्या माणसालाही आई आठवते. तिनं मला उठायला शिकवलं. हो, उठायला. आधी कुशीवर वळायचं, मग पाय खाली सोडायचे, मग हातानं रेटा द्यायचा. एवढी वर्षं मी चुकीचा उठत होतो आणि मला कोणी बोललं नाही. व्यायामानं फरकही पडतो आहे, आधी कळ अंगठ्यापर्यंत जायची ती आता गुडघ्यापाशी थांबते. पण मी विचारलं की लग्नापर्यंत भाचीला उचलता येईल का, तर ती हसली आणि म्हणाली, "काका, उचलाचं राहू द्या, आधी मोजे घालून दाखवा."

मोजे घालता आले नाहीत, म्हणून मी धोंडबाकडे गेलो. धोंडबा म्हणजे मागच्या गल्लीतला, पूर्वी शाळेत घंटा द्यायचा तो. तो पायाळू आहे, जन्मताना पाय आधी आले होते, आणि पायाळूनं कमरेला तीनदा पाय लावला की भरलेली कंबर सुटते हे तुला सांगायला नको. आमच्या अर्ध्या मनीषनगरची कंबर त्याच्या उजव्या पायानं सोडवली आहे. मी त्याच्या ओसरीवर उंबऱ्याकडे डोकं करून पालथा पडलो. विधीत बोलायचं नसतं, म्हणून दोघंही गप्प. मी वाट बघतो आहे, पाय काही येत नाही. बऱ्याच वेळानं मान वळवून पाहिलं, तर धोंडबा भिंतीला धरून एका पायावर उभा, दुसरा पाय हवेत, आणि तोंडावर घाम. त्याचा पाय वर गेला होता तो खालीही येईना. विधी मोडून मी विचारलं, काय झालं? तो कुजबुजला, "मलेच पोळ्यापासून सायटिका आहे गा. पायाळूलेच कंबर धरली म्हटल्यावर लोक काय म्हणतीन? म्हणून कोनाले सांगतलं नाही." इतक्यात त्याची बायको बायजाबाई बाहेर आली. तिनं आम्हा दोघांकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "एक उठून नाही राहिला, एक बसून नाही राहिला. मंग आता मी हळदकुंकू आणू का?"

तिनं नवऱ्याला खुर्चीवर ठेवलं, मला कुशीवर वळवलं आणि दोघांना चहा दिला. ताई, तिथे बसल्या बसल्या गल्लीतून जाणारी माणसं मला नव्यानं दिसू लागली. स्कूटरवरून उतरताना कमरेवर हात जातो तो, पाट उचलताना आधी श्वास घेते ती, गेटाला टेकून बोलणारा तो. एवढे लोक ही शीर सांभाळत ऊठबस करतात, कामावर जातात, आणि विचारलं तर मजेत आहे म्हणतात. मी आजवर यांना नुसते शेजारी समजत होतो. आता समोरून कोणी कमरेला हात लावून आला की मला त्याला वाट द्यावीशी वाटते.

असो. काळजी करू नकोस, मी ठणठणीत आहे आणि लग्नाला वेळेआधी हजर होतो. भाऊजींना नमस्कार, जाऊबाईंनाही.

तुझा धाकटा,
कवडू

ता. क. पत्र यासाठीच लिहिलं होतं ते राहिलंच. बायजाबाई म्हणाली की घरातला पायाळू असला तर गुण लवकर येतो. तेव्हा मला आठवलं, आपली गुंजनच पायाळू आहे. ती लहान असताना तू तिला बत्ताशांच्या बदल्यात सगळ्या मोहल्ल्यात लाथा मारायला पाठवायचीस. तर हळदीच्या आधी तिला माझ्याकडे पाठव. मामाला पाय लावणं पाप आहे असं ती म्हणेल, तर तिला समजावून सांग की आपल्याकडे मामाच भाचीच्या पाया पडतो. मी एरवी तिच्या पायांपर्यंत वाकतो. आता वाकता येत नाही, तर ते पाय थोडे वर कमरेपर्यंत आले, एवढाच फरक. यात शास्त्राला काही अडचण नसावी.

ता. क. दुसरा. पत्र टाकायला जाणार कसा, चपलेत पाय जाईना, म्हणून ते उशीखालीच राहिलं. तेवढ्यात आज रविवारी गुंजन आपणहून आली. मिहानमधल्या तिच्या ऑफिसच्या मैत्रिणींना पत्रिका वाटून येताना डोकावली, आणि उत्तरानं तिला सगळं सांगून टाकलं. पोरगी आधी खूप हसली. मग पाय धुऊन आली आणि तीनदा पाय लावला, इतका हलका की लागला की नाही कळू नये. मी म्हणालो, गेलं दुखणं. ती म्हणाली, "खोटं नको बोलू मामा, उठून दाखव." मी हिमानीच्या पद्धतीनं उठलो. उत्तराचा चहा उकळून झाला तरी मी उठतच होतो. गुंजन हात धरून शेजारी बसली होती आणि तिचे डोळे भरले होते. म्हणाली, "तू मले उचलू नको. मी तुह्या हाताले धरून चालत येईन. थांबत थांबत येऊ. मले काई घाई नाही आहे." ताई, सगळा मांडव अक्षता घेऊन वाट बघत असताना मामासाठी घाई नाही म्हणणारी नवरी मी ऐकली नव्हती. मी थक्क झालो, आणि मला रडू आलं, आणि हे मी तुला लिहितो आहे.

म्हणून आता खरी विनंती. वरची लाथेची रद्द समज. तिला दुसऱ्या कोणालाही उचलू देऊ नकोस. ती माझा हात धरून येईल. भटजींना सांगून मंगलाष्टकाची दोन कडवी जास्तीची ठेव, आम्हाला पोचायला वेळ लागेल. आणि सौरवला उचलायची एवढीच हौस असेल, तर विधी आटोपल्यावर पाटावरून त्यानं मला उचलावं.