दुसरीचे चार सेकंद

सोमवार, ३ जून

दिग्दर्शक वैतागलेत. काल निवडक प्रेक्षकांना सिनेमा दाखवला. नायक-नायिकेचं जुळलं तेव्हा टाळ्या राहिल्या बाजूला, पुढच्या रांगेतली बाई दुसरीसाठी डोळे पुसत होती! दुसरी म्हणजे नायकाची आधीची मैत्रीण. तिने फक्त आड यायचं असतं.

"तिची कीव आली की आपला नायक नालायक ठरतो. एडिटिंगमध्ये काय केलंत तुम्ही?"

फार काही नाही. तो निघून गेल्यावर तिचा चेहरा चार सेकंद जास्त ठेवला.

मंगळवार, ४ जून

दिवसभर दुसरीवर कात्री. तिचं हसू काढलं, फोनवरची कटकट ठेवली. संध्याकाळपर्यंत चांगली कजाग झाली. आता लोक म्हणतील, सुटला बिचारा! तिने कुणाचं काय घोडं मारलं होतं?

ते चार सेकंद कापायला मात्र हात धजेना.

गुरुवार, ६ जून

लिहूनच टाकते, इथे कोण वाचतंय. मला तो आवडायचा. तो म्हणजे आमचा कॅमेरामन — आता माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. घरी जेवायला मीच आणलं होतं त्याला. दार धाकटीने उघडलं, ओले केस पुसत. माझा कारभार तिथेच आटोपला.

तिला यातलं काही ठाऊक नाही, कळूही नये. वेडी आहे, सारखी माझ्या चपला घालून जाते, पण माझा जीव आहे तिच्यात.

शुक्रवार, ७ जून

"ते चार सेकंद?" दिग्दर्शक. म्हटलं, राहू द्या, लोकांना दोघी आवडू देत. "बघू," म्हणाले.

शनिवार, ८ जून

धाकटीच्या लग्नाची फिल्मही माझ्याच गळ्यात. "ताई, तुझ्याशिवाय कोण करणार?" आज पूर्ण केली. एका शॉटमध्ये ते दोघं टेबलाशी सह्या करतायत आणि मागे मी, एकटक बघत. त्याच्याकडेच, कुणीही ओळखेल! पुन्हा न बघता उडवला, फिल्म पाठवून दिली.

रविवार, ९ जून

धाकटीचा फोन. "ताई, सह्यांच्या वेळचा तुझा शॉट का कापलास? माझ्या फोनवर आहे तो, मी सारखी बघते."

मूळ चित्रीकरणातला तो शॉट उघडला. थांबवून नीट पाहिला. माणूस कुणाकडे बघतोय ते ओळखणं हाच माझा धंदा. टेबलाच्या डावीकडे तो, उजवीकडे धाकटी.

मी उजवीकडे बघत होते.