पळण्याची वेळ

सुलतानपूर, १० जून २०२४

ती. आबांना,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं तुम्ही मनानं रचता, म्हणून लिहिते. नोकरी आणि पळणं दोन्ही कसं जमतं, विचारलंत. पहाटे नाल्याकाठच्या रस्त्यानं पळते, मग डबा घेऊन पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत. पळाले नाही तर दिवसभर बाटल्यांसमोर पेंगते. नजीरचाचा दुकान उघडताना रोज छेडतात, पोरी, काऊन पळून राह्यली, बस तं आठले येते!

पण हल्ली पळताना डोकं तापतं. सरकीच्या तेलाच्या कारखान्यातून पहाटे नाल्यात उग्र, फेसाळ पाणी सुटतं. आमचे लोक नमुना घ्यायला दुपारी जातात, तेही आदल्या दिवशी कळवून. मी भरलेली बाटली चालत नाही, कारण तेव्हा मी कामावर नसते. शेवटी आमच्या सुचितामॅडमना राजी केलंय. एक जुलैच्या पहाटे, न कळवता, पंचांसमोर नमुना. कुणाजवळ बोलू नका.

तुमची लाडकी आणि तापट,
अर्पिता

बीबी, १७ जून २०२४

चि. अर्पितास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून अंगाची लाही झाली. तो कारखानदार ज्ञानेश्वर माझा विद्यार्थी! चौथीत नदीची कविता त्याच्यासारखी कुणी म्हटली नाही. खिडकीतून कोवळं ऊन यायचं, बोटं पाटीवर ठेका धरायची आणि शेवटच्या कडव्याला त्याचेच डोळे भरायचे. ज्याच्या गळ्यात नदी होती, तो नाला नासवतो?

मला राहवलं नाही. काठी घेतली, एसटीनं गेलो आणि कामगारांदेखत त्याला झापलं. माझी नात रोज पहाटे डोळ्यांनी बघते, एक जुलैला पंच येतील तेव्हा तोंड कुठं लपवशील, असं विचारलं. त्यानं पाय धरले. गुर्जी, चुकलो, उद्यापासून बंद, म्हणाला. मग कविता म्हणून दाखवली, एक शब्द चुकला नाही! तेव्हा पोरी, पंच-बिंच राहू दे. शाळेतलं मरत नाही.

तुझ्या कौतुकात असलेला,
हिंमतराव

सुलतानपूर, ४ जुलै २०२४

ती. आबा, नमस्कार.

एक तारखेला पंच आले. नाल्यात तळाचे गोटे दिसत होते. मॅडमवर वरून ठपका, मला खोट्या तक्रारीची तंबी. दुसऱ्या पहाटे कारखान्याचे दोघं मोटरसायकलवर माझ्या मागंमागं. ताई, रोज याच वेळी येता का, म्हणून हसत होते. आई म्हणते, पळणं सोड. साहेब म्हणतात, त्या रस्त्यानं पुन्हा दिसलात तर बदली. मी पळाले नाही तर त्या नाल्याकडं बघणारं दुसरं कोण आहे?

बोलू नका, असं स्पष्ट लिहिलं होतं. तुम्हाला त्याचा गळा आठवला, माझं काम आठवलं नाही. कविता पाठ असली म्हणजे माणूस चांगला, हे तुम्हाला कुणी शिकवलं, आबा?

आज आणखी लिहवत नाही.
अर्पिता

बीबी, २२ जुलै २०२४

चि. अर्पिता, आशीर्वाद.

काल गुरुपौर्णिमा. ज्ञानेश्वर शाल-नारळ आणि फोटोवाला घेऊन दारात. त्याला उंबऱ्याबाहेरच उभं केलं. फोटोवाल्यासमोर विचारलं, आता पाणी कधी सोडतोस बे? तो जवळ येऊन हळूच म्हणाला, गुर्जी, तुमची नात पळत नाही तव्हा. आणि हसला. तेच हसू, पाठांतरात पहिला आल्यावरचं.

शाल त्याच्या अंगावर फेकली. आरडाओरडा ऐकून गल्ली जमली.

पोरी, तुझ्या आईला मी समजावतो. नजीरची लेक शाहीन सोबत येत असेल तर घे. तू पळ. कधी पहाटे, कधी कामावरून आल्यावर, कधी भर उन्हात. त्याला अंदाज लागू देऊ नको. आणि वेळ मला कळवू नको. मी कुणाला तरी सांगेन. माणूस चांगला मानून सांगेन.

लोभ असावा, असं आज लिहवत नाही. राग तेवढा कळवत जा.

हिंमतराव