आचलची हजेरी

अमरावती,
३ फेब्रुवारी २०२५

ती. केशरआत्यास,

सप्रेम जयभीम. वि. वि. फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून हे स्पीड पोस्ट. मी मजेत आहे असं लिहिणार होते, पण तुझ्याशी खोटं कशाला बोलू?

अकोल्याचा दवाखाना बंद करून या महिला महाविद्यालयाच्या संस्थेची अध्यक्ष झाले, त्याला दिवाळीत वर्ष झालं. बाळंतपणं करताना कधी अडले नाही, इथे सही करताना अडते. हजेरी कमी पडलेल्या चौदा मुलींची यादी आली. पालकांना बोलावून समज द्यायची, कारण पटलं नाही तर परीक्षेचा फॉर्म भरू द्यायचा नाही, असा नियम. त्यात वलगावची आचल. शेवटचं वर्ष, वर्गात पहिली, घरी आई नाही. वडील धर्मपाल शेजारीच बसलेले. मी परोपरीने विचारलं, पोरगी पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली. वडील तडकले. शिकायचं नसेल तर लग्न लावून देतो म्हणाले, आणि दुसऱ्याच दिवशी तिला तेल्हाऱ्याला मामाकडे, शालिकरामकडे पाठवलं. रविवारी पाहुणे बघायला येणार, असं तिची मैत्रीण सांगते. फॉर्मची शेवटची तारीख अठ्ठावीस.

तेल्हाऱ्यात तू नर्स म्हणून हयात घालवलीस. काही करता येतं का बघ. जिवाला घोर लागलाय.

तुझा लोभ आहेच. रागावलीस तरी तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
प्रिया

अकोला,
१० फेब्रुवारी

चि. प्रियदर्शनीले,

जयभीम आन् पोटभर आशीर्वाद. मोठी अध्यक्ष झाली, पन अक्कल दवाखान्यातच ठेवून गेली का वं? अथी तू सासूले आधी बाहेर बसवत होती, मंग सुनेले इचारत होती. नवरा असो का माय, दाराबाहेर. मीच त शिकवलं होतं तुले. आन् तथी बापाले खुर्ची देऊन पोरीच्या बाजूले बसवलं! बह्याड कुठची.

शनिवारीच एसटीनं तेल्हाऱ्याले गेली. शालिकरामच्या दोन्ही लेकरायची नाळ म्या कापली, दारात कोन अडवते मले? म्हनलं, मले ऐकू येत नाई, एवढा गलका नोको, सारे बाहेर व्हा. पोट्टीपुढं वही ठेवली. बोलू नोको, लिही म्हनलं. मंग लिहिलं. ते पान संगं पाठवून राहिली. डोळ्याची पापनी ओढून पायली, त पांढरीफक. पाहुन्यायले येऊ नका म्हनून सांगाले लावलं. मामी भडकली, भडको.

आज तिले अकोल्याले आनलं, रक्त तपासलं. हिमोग्लोबिन बारा पायजे, सव्वापाच भरलं. भल्ली भीती वाटून राहिली मले.

रागावली म्हनून माया आटली नाई, हे ध्यानात ठेव.

तुही
केशरआत्या

(सोबतचं पान)

आजी, पाळीत मला आठ-नऊ दिवस खूप जाते. चक्कर येते. ऑटोच्या सीटवर डाग पडला होता, सगळे पाहत होते. कॉलेजच्या संडासात पाणी नसते, म्हणून तेवढे दिवस जातच नव्हती. बाबांसमोर मॅडमला कसं सांगू? — आचल

अमरावती,
१३ फेब्रुवारी

ती. आत्यास,

सप्रेम जयभीम. वि. वि. पान वाचलं आणि हजेरीपट काढून बसले. आचल गैरहजर, जुलै नऊ ते सतरा. ऑगस्ट सहा ते चौदा. सप्टेंबर तीन ते अकरा. एकवीस वर्षं माझ्याकडे आलेल्या प्रत्येक बाईला मी पहिला प्रश्न पाळीच्या तारखेचा विचारला. इथे तारखा डोळ्यांपुढे होत्या आणि मी नुसती टक्केवारी वाचली. लाज वाटते गं.

संडासात पाणी नाही, हेही त्या पानावरूनच कळलं. माझ्या केबिनला वेगळं आहे ना! काल प्लंबर बोलावला. बाकीच्या तेरा जणींना एकेकटीला आत घेतलं, तर सहा जणींचं हेच निघालं. यादीवर सही करणार नाही, असं प्राचार्यांना कळवून टाकलंय.

पण आचल? रक्त चढवायला उशीर करू नका. गर्भाशयात गाठ आहे का, सोनोग्राफी करून घे. धर्मपालराव माझा फोन उचलत नाहीत. त्यांनी तिला मधूनच उठवून नेलं तर? की ती स्वतःच म्हणेल, नको ते कॉलेज? डोळ्याला डोळा लागत नाही.

चूक पोटात घाल, लोभ वर राहू दे.

तुझी
प्रिया

अकोला,
२३ फेब्रुवारी

चि. प्रियाले,

जयभीम आन् आशीर्वाद. जीव थोडा करू नोको. तीन बाटल्या रक्त चढलं. गाठ-बीठ निंघाली नाई, गोळ्या चालू हायेत.

धर्मपाल आला तो पोरीले घिऊन जायाच्या तयारीनंच. आचलनं वही ओढली, पुन्हा सारं लिहिलं आन् बापापुढं सरकवली. त्यानं तीनदा वाचलं. मंग जिन्यात जाऊन बसला आन् लेकरासारखा रडला. म्हने, हिची माय गेली, आता पोरगी हे कोनापाशी सांगीन, हे माह्या मनातच आलं नाई. चढवलेल्या रक्ताच्या बदल्यात ब्लड बँकेले रक्त त्यानंच दिलं.

सत्तावीसले दोघं फॉर्म भराले येऊन राहिले. त्याले पहिले बाहेर बसवजो, चहापानी देजो. मंग तिले इचारजो. तिनं सोताहून म्हनलं, बाबाले आत बोलवा, तरच बोलावजो.

म्हातारीवर माया राहू दे, आन् नळाले पानी राहू दे.

तुही
केशरआत्या