परसातला म्हसोबा आणि बंद पडलेली रेल्वे

स्लाऊ, शुक्रवार

ती. पद्माकरदादांना शशिधरचा साष्टांग नमस्कार.

तुमचे गुडघे, वहिनींची शुगर आणि देवस्थानची ट्रस्टी मंडळी, तिन्ही ताब्यात असतील अशी आशा करतो. आम्ही मजेत. म्हणजे मी मजेत. तुमच्या बहिणीचे पुढे लिहितो.

दादा, आमच्या घरामागून रेल्वे जात होती! ज्या पायवाटेवर लोक कुत्री फिरवतात (आणि हॉस्पिटलातून निवृत्त झाल्यापासून मी स्वतःला फिरवतो), तिथे मी शाळेत होतो तोवर रोज गाडी धावत होती. हे कळल्यापासून मला बसवत नाही. इथल्या रेल्वे इतिहास मंडळाचा मी लगेच सभासद झालो. (त्यात सर्वांत तरुण मीच. सत्तरीत हे सुख आणखी कुठे मिळणार?) जुना नकाशा घेऊन रुळांचा माग काढत निघालो. नकाशावर लाइन सरळ जाते. जमिनीवर मध्ये ब्लॅकबेरीची काटेरी जाळी येते. तिला अर्धी पँट अर्पण करून बाहेर पडलो तो थेट एका बाईंच्या परसात. त्या कपडे वाळत घालत होत्या. घाबरू नका, तुमच्या किचनमधून जाणारी गाडी शोधतोय, असे मी धीर द्यायला सांगितले, तर त्या जास्तच घाबरल्या. शेवटी त्यांनी चहा दिला, सेफ्टी पिना दिल्या आणि घरी कोणाला फोन करू का, असे फार मायेने विचारले.

पण खरी गंमत घरीच निघाली. आमच्या बागेत कुंपणाला लागून तो दगड आहे ना, घर घेतले तेव्हा जमिनीतून डोके काढून बसलेला? सुप्रभाने त्याला म्हसोबा ठरवले आणि वेम्बलीहून शेंदूर आणून, वर्षानुवर्षे थरावर थर चढवून, देव चांगला गुटगुटीत केला. गेल्या रविवारी मंडळाचे अध्यक्ष मिस्टर पार्फिट चहाला आले आणि दगड दिसताच चक्क गुडघ्यांवर बसले. सुप्रभाला भरून आले. तिने त्यांना खोबऱ्याचा प्रसाद दिला. तो खाता खाता त्यांनी सांगितले, की हा रेल्वेच्या हद्दीचा दगड असावा. शेंदराखाली कंपनीची अक्षरे असतील. तशी निघाली, तर अख्ख्या लाइनवर उरलेला हा एकुलता एक, आणि तो माझ्या बागेत!

मी आनंदाने नाचायचा बाकी होतो. सुप्रभा मात्र खूश नव्हती. "अहो, देव आहे तो," ती म्हणाली. "नसला तरी आता झालाय. आपल्या लेकीची, देविकाची ड्रायव्हिंग टेस्ट काय रेल्वेने पास करून दिली?" यावर इतिहासात उत्तर नाही. तेव्हापासून घरात स्वयंपाक होतो, बोलणे होत नाही. पुढच्या महिन्यात सगळे मंडळ दगड बघायला येणार आहे. ती अक्षरे पाहिल्याशिवाय मला चैन पडायचे नाही, दादा. आणि तिला दुखवून खरवडायला हात धजत नाही.

वहिनींना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद.

तुमचा,
शशिधर

ता. क. देवाचे शेंदराचे कवच विधी करून उतरवतात, असे मागे तुम्हीच सांगितले होते. सुप्रभा माझे ऐकत नाही, दादाचे ऐकते. म्हसोबाचे कवच उतरवायची वेळ झाली, असे तुम्हाला आपणहून सुचल्यासारखे तिला फोनवर सांगाल का? पत्राचे नाव मात्र काढू नका.

आणखी एक. अक्षरे रेल्वेचीच निघाली, तर माझ्या हाताने पुन्हा शेंदूर चढवीन, असा मी नवस बोललो आहे. जवळपास दुसरा देव नव्हता, म्हणून त्यालाच बोललो.