स्वीट डिशची प्राध्यापिका

बाबा, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, पण माझा राग काही गेला नाही. विक्रोळीच्या कंपनी कॉलनीत आपल्या घरी सत्यनारायण होता. मी नुकतीच कॉलेजात कायम झाले होते. शेजारच्या काकूंनी विचारलं, "काय शिकवते हो तुमची मुलगी?" आणि तुम्ही प्रसादाचा द्रोण त्यांच्या हातात देत ऐटीत म्हणालात, "स्वीट डिश!" मी स्वीडिश सिनेमाचा इतिहास शिकवत होते. काकू हरखल्या. "अय्या, मग आम्हाला पण रसमलाई शिकव ना गं!" मी सांगायला तोंड उघडलं, तर तुम्ही माझा हात दाबलात. "ऱ्हवांदे गो, गोडच आसा ना!"

मला वाटलं, तुमची ऐकण्यात चूक झाली. पण माणसं गेल्यावर तुम्ही स्वतःच म्हणालात, "केटरिंग म्हटला की लोक गप बसतत. पिक्चर म्हटला तर शंभर प्रश्न." म्हणजे तुम्हाला सगळं ठाऊक होतं. लाज वाटत होती माझी. पुढे तुमच्या तेराव्यालाही मावशीने खीर माझ्याच गळ्यात घातली, विषयच माझा म्हणून. मी ती करपवली.

सिनेमाच्या अभ्यासासाठी स्टॉकहोमला जाऊन आले तेव्हा तुम्ही थंडी किती होती ते विचारलंत, जेवणाचे हाल झाले का ते विचारलंत. मी तिथे काय पाहिलं, ते नाही. तिथल्या एका अंधाऱ्या खोलीत मी बसलेय, समोर जुना मूकपट चाललाय, आणि एक म्हातारी कोळीण किनाऱ्यावर उभी राहून होडीची वाट बघतेय. आजी मालवणात अशीच उभी राहायची, पदर दातात धरून. मला रडू फुटलं होतं. हे तुम्हाला सांगायचं होतं. तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवलात.

या वर्षी मुलुंडच्या आमच्या कॉलेजने माझा स्वीडिश सिनेमाचा पेपर बंद केला. प्राचार्य माझ्या विद्यार्थ्याच्या वयाचे. म्हणाले, "मॅडम, मुलंच घेत नाहीत ना, काय करणार?" आयुष्यभराचं काम असं एका वाक्यात गुंडाळलं, आणि मला चीड आली ती त्यांची नाही, तुमचीच.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, तर सांगूनच टाकते. स्वीडनच का, असं मुलाखतीत विचारलं तेव्हा मी कलेबिलेवर खूप बोलले होते. खरं म्हणजे, तुम्हाला ज्यात तोंड घालता येणार नाही असा विषय मी शोधत होते.